‘फाईल भारी करून देतो’ : पशुवैद्यकीय प्रवेशाच्या नावाखाली आम्हाला कसं लुबाडलं

कामाचं आधी सांगतो, घाईत असलेल्यांनी एवढं वाचलं तरी पुरे. महाराष्ट्रातल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांत बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.ला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या पदवीला, प्रवेश मिळतो तो ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. मुलाखत नसते, निबंध नसतो, शिफारसपत्र कोणी मागत नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, त्यात पात्रतेपुरते गुण, नीटचा स्कोअर आणि कागदपत्रं. झालं. आमच्याकडून मात्र एका गृहस्थाने ‘फाईल भारी करून देतो’ म्हणून ३५,००० रुपये घेतले, नंतर ‘सीट’च्या नावाखाली आणखी दीड लाख. बहिणीचं वर्ष गेलं ते निराळंच.

आमचा सातारा जिल्ह्यात दुधाचा धंदा. धाकट्या बहिणीचा जीव गोठ्यात. २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी चर्मरोग आला तेव्हा आमच्या दोन गाई बसल्या, अंगभर गाठी, पाय सुजलेले. डॉक्टर दिवसाआड यायचे आणि ही पोरगी सलाईनची बाटली हातात धरून तासन्‌तास उभी राहायची. एक गाय वाचली, एक गेली. तेव्हापासून तिचं ठरलेलं. शाळेत हुशार होती, अकरावीपासून नीटची तयारी सुरू केली. घरात वैद्यकीय प्रवेशाचं कोणालाच काही माहीत नाही. आमचे वडील, आण्णा, सातवी शिकलेले, मी बी.कॉम. करून पशुखाद्याचं दुकान चालवतो.

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर या गृहस्थांचं ऑफिस. एसी, काचेचा दरवाजा, भिंतीवर स्टेथोस्कोप अडकवलेल्या पोरापोरींचे फोटो. त्यातल्या एकालाही आमच्या भागात कोणी ओळखत नाही, हे नंतर कळलं. गृहस्थ बोलायला एकदम गोड. बहिणीला मार्क किती पडतात हे त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, ‘‘ताई, प्राण्यांसोबत कामाचा अनुभव काय?’’ ती भाबडेपणाने लम्पीचं सांगायला लागली. यांनी मान हलवली. ‘‘काका, नीट काय, सगळीच पोरं देतात. दोन मुलांना सारखे मार्क पडले तर कॉलेज काय बघणार? फाईल बघणार. माणूस गाई-गुरांत रुळलेला आहे का ते बघणार. ते आपल्याला कागदावर दाखवावं लागेल.’’

आण्णांना ते पटलं. पटणारच. ज्या माणसाने आयुष्यभर जनावरं सांभाळली त्याला, जनावरांची माया बघून प्रवेश देतात, यापेक्षा योग्य काय वाटणार? फसवणारा बरोबर तिथे हात घालतो जिथे आपल्याला जग न्यायाचं असावं असं वाटत असतं.

बरं, समान गुण पडले तर काय करायचं याचे नियम प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलेले असतात, त्यात फाईल कुठेच नसते. पण ते माहितीपत्रक तेव्हा आम्ही पाहिलेलं नव्हतं, आणि यांनी आम्हाला ते कधी दाखवलंही नाही.

महिनाभराने फाईल आली. निळी स्पायरल, जाड प्लॅस्टिकचं कव्हर, वर सोनेरी अक्षरांत बहिणीचं नाव. आत दोन पानी निवेदन, त्यात लम्पीची सगळी हकीगत, पण अशा इंग्रजीत की वाचून बहीण म्हणाली, ‘‘दादा, ही मी नाहीच.’’ त्यामागे दोन शिफारसपत्रं, एक निवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांचं म्हणून, ज्यांना आम्ही जन्मात भेटलो नव्हतो. मग भटक्या कुत्र्यांच्या लसीकरण शिबिराचं प्रमाणपत्र. आणि शेवटी एका गोशाळेचं : जानेवारी ते मार्च २०२४, एकूण २४० तास सेवा, गोल शिक्का, खाली सही. मी ते पान उलटसुलट करून बघितलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरगी बारावीचे पेपर देत होती! ज्या दिवशी तिचा जीवशास्त्राचा पेपर होता, त्या दिवशी प्रमाणपत्राप्रमाणे ती गोशाळेत शेण भरत होती. मी फोन केला तर गृहस्थ हसले. ‘‘दादा, तारखा कोण बघतंय?’’

त्या माणसाने आमच्याशी खरं बोललेलं बहुधा हे एकच वाक्य. तारखाच काय, ती फाईलच कोणी बघणार नव्हतं.

ही कल्पना त्यांनी कुठून उचलली, ते पुढे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. अमेरिकेत पशुवैद्यकीय महाविद्यालयांसाठी व्हीएमकॅस नावाची सामायिक अर्जपद्धत आहे. तिथे मुलं आधी कॉलेजात ठरावीक विषय करतात आणि मग चार वर्षांच्या डी.व्ही.एम.ला अर्ज करतात. त्या अर्जात पशुवैद्याच्या हाताखाली किती तास काम केलं, जनावरांसोबत किती तास घालवले, हे वेगवेगळं लिहावं लागतं. शिफारसपत्रं लागतात, स्वतःबद्दल निबंध लागतो. इंग्लंडमध्येही बऱ्याच ठिकाणी कामाचा अनुभव मागतात. ज्यांची मुलं तिकडे जाणार असतील त्यांनी हे सगळं जरूर करावं, आणि खरं करावं. पण माफसूच्या, म्हणजे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अर्जात ‘गोशाळेत किती तास’ असा रकानाच नाही. तिकडची पद्धत इकडे ३५,००० रुपयांना विकली.

आता खरं नुकसान कुठे झालं ते सांगतो, कारण फाईलचे पैसे गेले एवढ्यावर निभावलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

पॅकेजमध्ये ‘फॉर्म भरून देणे’ होतं. ‘‘तुम्ही भराल आणि एक रकाना चुकला तर वर्ष गेलं, म्हणून आम्हीच भरतो,’’ असं म्हणून त्यांनी बहिणीकडून सगळे मूळ कागद घेतले : शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर. फॉर्मवर मोबाईल नंबर त्यांचा, ई-मेल त्यांचा, पासवर्डही त्यांच्याकडेच. कारण काय, तर ‘‘ओटीपी पटकन टाकावा लागतो.’’

२०२४ च्या नीटचं काय झालं, ते आठवत असेलच. ४ जूनला निकाल, मग ग्रेस मार्कांचा गोंधळ, पेपरफुटीच्या बातम्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाही म्हटलं, २६ जुलैला सुधारित निकाल लागला. आमच्या गृहस्थांना हे आयतं कुरण मिळालं. कधीही विचारलं की एकच उत्तर, ‘‘सगळं कोर्टामुळे अडकलंय काका.’’ प्रत्यक्षात निकालानंतर माफसूची प्रक्रिया आपल्या गतीने पुढे सरकली होती. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली, हरकती नोंदवायला मुदत होती. त्या यादीत बहिणीचं नाव होतं, पण खुल्या प्रवर्गात! आमची ओबीसीची सगळी कागदपत्रं यांच्या कपाटात असताना यांनी जात वैधता आणि नॉन क्रिमिलेअर अपलोडच केलं नव्हतं. हरकतीची मुदत संपल्याचा मेसेज आला असेल तो यांच्या मोबाईलवर. आमच्या डॉक्टरांनी यादी उघडून दाखवली तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्यांच्या मते ओबीसीतून तिला शिरवळ नाही तरी उदगीर किंवा परभणी नक्की लागलं असतं.

अखिल भारतीय कोट्याचं तर विचारूच नका. प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद, म्हणजे व्हीसीआय, भरते. त्यासाठी वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळ्या फेऱ्या. ओबीसी असाल तर तिथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. यांनी आम्हाला सांगितलं होतं, ‘‘सगळं एकाच अर्जात येतं.’’

आणि मग आला दीड लाखाचा भाग. फेऱ्यांत नाव नाही म्हटल्यावर आण्णा खचले. गृहस्थ म्हणाले, ‘‘शेवटच्या फेरीत जागा रिकाम्या राहतात, त्या आतून भरतात, माझा माणूस आहे.’’ दीड लाख टोकन, बाकी प्रवेश झाल्यावर. लाखभर रोख, ५०,००० यूपीआयने एका भलत्याच नावाच्या खात्यावर. रिकाम्या जागाही गुणवत्तेनेच भरतात, वेळापत्रक जाहीर होतं, यादी लागते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही आपली जुनी पाच कॉलेजं विद्यापीठाची आहेत. तिथे ‘आतून’ देणारा कोणी दिसला तर तो तुमच्या खिशाकडे बघतोय एवढं नक्की समजा.

ती फेरीही गेली. मग त्यांनी परराज्यातल्या एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक पुढे केलं. मान्यता? ‘‘प्रक्रियेत आहे.’’ इथे डॉक्टरांनी आम्हाला वाचवलं. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत जी पदवी नाही, ती घेऊन राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर प्रॅक्टिस नाही. साडेपाच वर्षं, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप, एवढं सगळं करून हातात नुसता कागद. शेवटचा पर्याय म्हणून डिप्लोमा सुचवला, ‘‘पुढे डॉक्टरच की!’’ नाही. डिप्लोमाधारकाला राज्य सरकारने परवानगी दिलेले किरकोळ उपचार नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली करता येतात. काम प्रामाणिक आहे, आमच्या गावातही असे चांगले लोक आहेत, पण ते डॉक्टर म्हणून विकणं ही लबाडी.

मूळ कागद परत मागितले तेव्हा गृहस्थांनी ‘फाईल चार्ज’ मागितला. मी, डॉक्टर आणि आमच्या गावचे पोलीस पाटील असे तिघे गेलो. पोलीस पाटलांनी खुर्ची ओढली, बसले आणि चहा मागवला, एवढंच. अर्ध्या तासात कागद टेबलावर होते. पैसे मात्र नाहीत. त्याच सुमारास आणखी दोन पालक भेटले. एकाची मुलगी दापोलीच्या बाजूची, तिच्याही फाईलमध्ये तीच गोशाळा, तेच तास.

पोलिसात लेखी अर्ज दिला. पूर्वी ज्याला ‘चारशेवीस’ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. पैसे ऑनलाईन गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. आम्ही उशिरा केला, तोवर खातं रिकामं झालेलं. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकली. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. यूपीआयची नोंद, ३५,००० ची पावती (‘शैक्षणिक मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही’ असं छापलेली) आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी मेसेज, यातलं काहीही डिलीट करू नका. रोख दिलेल्या लाखाला मात्र पुरावा नाही. तो गेला असं धरूनच चाललो आहोत.

बहिणीने २०२५ ला पुन्हा नीट दिली. फिजिक्सचा भाग काय होता ते ज्यांनी दिला त्यांनाच विचारा. यावेळी फॉर्म तिने स्वतः भरला, रात्री दुकानातल्या कॉम्प्युटरवर, माहितीपत्रक शेजारी ठेवून. भारी अर्ज म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बारावीच्या गुणपत्रकावरचं आणि नीटवरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळतंय का, अधिवास आहे का, जात वैधता हातात आहे का (नुसती टोकन पावती कधीपर्यंत चालते ते माहितीपत्रकात बघा), नॉन क्रिमिलेअर त्या वर्षी चालणारं आहे का, फोटो आणि सही मागितलेल्या आकारात आहेत का, प्रवर्गाचा रकाना बरोबर भरलाय का. नॉन क्रिमिलेअरसाठी तहसीलला निकालाच्या आधीच जा, नंतर रांग लागते. व्हीसीआयची नोंदणी वेगळी केली, केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून. कॉलेजांचा पसंतीक्रम डॉक्टरांना दाखवून लावला. मोबाईल नंबर तिचा, ई-मेल तिचा. तात्पुरती यादी लागली त्या रात्री आम्ही दोघांनी तिची ओळ प्रत्येक रकान्यासकट वाचली. दुसऱ्या फेरीत परभणी लागलं.

ग्राहक आयोगात गृहस्थांनी वकिलामार्फत लेखी उत्तर दिलंय. म्हणणं असं की सेवेत कुठलीच त्रुटी नव्हती, ठरल्याप्रमाणे फाईल तयार करून दिली, ‘टोकन’शी त्यांचा काही संबंध नाही. पुरावा म्हणून त्या निळ्या फाईलची पूर्ण छायाप्रत जोडली आहे, गोशाळेच्या प्रमाणपत्रासकट, खाली स्वतःची सही करून. आमच्या वकिलांनी त्यावर बहिणीचं बारावीचं हॉल तिकीट आणि बोर्डाचं वेळापत्रक जोडलंय.