देवबागची कयाकिंग सहल : दंडांपेक्षा कमरेला काम

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून निघणाऱ्या या सहलीचे खरे मोल मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या संथ पाण्यात कळते. प्रशिक्षक लगेच कयाकमध्ये, म्हणजे बसून वल्हवायच्या अरुंद होडीत, न बसवता, हात फारसे न वाकवता कमरेपासून धड कसे वळवायचे, हे आधी वाळूवरच घोटून घेतात; आणि तेच योग्य आहे, कारण केवळ दंडांच्या जोरावर वल्हवणाऱ्याचे खांदे लवकर भरून येतात, तर धड वळवले की पाठ, पोट आणि होडीतल्या पाय टेकवायच्या आधारावर रेटणाऱ्या मांड्या अशा सगळ्यांनाच काम मिळते. गुडघ्यांमुळे सिंहगड चढणे सोडलेल्यांनाही हा व्यायाम बहुधा झेपावा, कारण शरीराचा भार बैठकीवर असतो. उभ्याने वल्हवायच्या फळीवर मात्र तोल सावरताना पोटऱ्या थरथरतात. ती हौस तरुणांनी करावी, असे माझे मत.

लाइफ जॅकेट मापाची होती आणि प्रत्येकाचा पट्टा प्रशिक्षकाने स्वतः ओढून पाहिला. जेवण ठीक. तक्रार वेळेची आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम चटकन वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता साचते. म्हणून उन्हे चढण्याआधीच पाण्यात उतरायला हवे होते. आयोजकांनी घावन-चटणीची न्याहारी लांबवत साडेदहा वाजवले आणि होडीत पिण्याच्या पाण्याची बाटलीही ठेवली नाही. पावसाळ्यात समुद्रातील जलक्रीडा बंद असतात, तेव्हा नोंदणी शक्यतो डिसेंबर-जानेवारीची करावी.