ओम्नी, आल्टो की स्विफ्ट? गोव्यात जुनी गाडी घेताना मागचा ॲक्सल आधी बघा

गोव्यात कमी पैशांत जुनी गाडी शोधायला निघालात की फिरून फिरून तीनच प्रकार समोर येतात. एक, मागच्या चाकांवर चालणारी आणि खाली पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेली ओम्नी किंवा बोलेरो. दुसरी आल्टो, नाहीतर जुनी वॅगन-आर. तिसरी स्विफ्ट किंवा आय-टेन. एजंट किलोमीटर सांगतो, कितवा मालक ते सांगतो, एसी लावून दाखवतो. गाडीखाली वाकायला कोणी सांगत नाही. किनारपट्टीवर पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीचं खरं वय मात्र तिथेच, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यापाशी, म्हणजे ॲक्सलपाशी कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या तिन्ही प्रकारांत ॲक्सल खराब होतो, पण सारख्या तऱ्हेने होत नाही. पाट्यांवरचा ॲक्सल बोंब मारत मारत जातो. आल्टोचा सहसा जातच नाही, त्याला धरून ठेवणारे भाग जातात. स्विफ्टसारख्या गाडीत ॲक्सलच्या जागी असलेला बीम गंजतो तेव्हा मात्र तो शेवटपर्यंत गप्प बसू शकतो. त्यामुळे कोणती गाडी चांगली, यापेक्षा ती कुठे उभी असायची आणि तिचा ॲक्सल कुठल्या जातीचा, ही जोडी जुळवून बघा.

खारं पाणी काय करतं

हे नुसतं गॅरेजमधलं बोलणं नाही. 2010 साली फोर्डने अमेरिका आणि कॅनडात विंडस्टार व्हॅन परत बोलावल्या. 1998 ते 2003 ची मॉडेल्स, मिळून पावणेसहा लाखांच्या आसपास. कारण एकच: मागचा ॲक्सल गंजून तुटू शकत होता. अमेरिकेत ही मोहीम सरसकट नव्हती, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांपुरती होती. गाडी तीच, कारखाना तोच, पण मीठ नसलेल्या भागातल्या मालकाला बोलावणं नाही.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. ते वाऱ्यावर येतं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, म्हणून पाऊस उघडला तरी गाडीखालचा पत्रा नीट वाळत नाही. पण लाटांपासून जसजसे आत जाल तसतसा हा खारेपणा झपाट्याने कमी होतो. मांद्र्याला किंवा कोलव्याला समुद्रासमोर उघड्यावर उभी असणारी गाडी आणि फोंड्यात शेडखाली असणारी गाडी, दोन्ही 2010 च्या असल्या तरी खालून एका वयाच्या नसतात. दिवाडी-चोडण या बेटांवरच्या गाड्यांचं आणखी एक असतं: भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकं थेट खाऱ्या पाण्यातून जातात. आणि जी गाडी आधी भाड्याने फिरत होती, तिला कोणीतरी हौसेने पुळणीत घातली नसेलच असं धरून चालू नका. अशी गाडी नंतर खासगी पासिंगची करून विकता येते, तेव्हा नुसत्या नंबरप्लेटच्या रंगावर जाऊ नका, जुने कागद मागा.

आतल्या पट्ट्यात, म्हणजे डिचोली, साखळी, कुडचडे, सांगे इकडे मिठाचा त्रास कमी, पण खनिजाची तांबडी धूळ आहे. पावसात तिचा चिखल होतो आणि ॲक्सलच्या खोबणींत बसतो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत. शिवाय तिकडची बोलेरो ओझं वाहून थकलेली असते. खाणी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये थांबल्या तेव्हा कितीतरी गाड्या नुसत्या उभ्या राहिल्या. उभी गाडी म्हणजे जपलेली गाडी, असं बऱ्याच जणांना वाटतं. बेअरिंगच्या बाबतीत ते उलट असतं. एकाच जागी भार घेऊन, ओलसर हवेत वर्षभर राहिलं की तिथेच डाग पडतो.

ओम्नी आणि बोलेरो

ओम्नी 1984 ला आली आणि 2019 ला बंद झाली, तरी गोव्यात अजून भरपूर दिसते. तिच्या मागच्या ॲक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, जाड असतं आणि आत गिअर ऑइल असतं, म्हणजे ते आतून गंजत नाही. बाहेरून पापुद्रे निघाले तरी लगेच घाबरू नका. इथे चिंता करायची ती हाफ शाफ्टची (कवचाच्या आतून चाकापर्यंत जाणारा दांडा), बेअरिंगची आणि पाट्यांची.

या गाड्यांत हाफ शाफ्ट दोन कामं करतो: चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. मोठ्या ट्रकमध्ये चाकाचा हब हाउसिंगवरच बसवलेला असतो, त्यामुळे शाफ्ट तुटला तर ट्रक जागेवर थांबतो, चाक सुटत नाही. ओम्नी-बोलेरोत तशी सोय नाही. शाफ्टवरचं बेअरिंग पार बसलं किंवा ते धरणारी कॉलर सरकली, तर शाफ्ट चाकासकट आणि ड्रमसकट बाहेर यायला लागतो. चोर्ला घाट उतरताना हे होऊ नये.

पण ही वेळ येण्याआधी गाडी सांगत राहते. मागून घरघर येते, वेग वाढला की चढते, एका बाजूला वळलं की बदलते. सील गेलं की ऑइल ड्रममध्ये उतरतं, चाकाच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसतात, त्या बाजूचा ब्रेक कमी लागतो. सील बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळलं तर मेस्त्रीला शिव्या घालण्याआधी हाउसिंगचा ब्रीदर (हवा बाहेर जायचं छिद्र) बघा. तो चिखलाने बुजला की आतला दाब सीलमधूनच वाट काढतो. पूल पाण्याखाली असताना गाडी घातली असेल तर ऑइलही तपासा: दुधाळ दिसलं म्हणजे पाणी आत गेलंय.

पाट्यांची परीक्षा तर उभ्या उभ्या होते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले असले की पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो. गाडीच्या बाजूला उभं राहून मडगार्डच्या कमानीत चाक मधोमध आहे का बघा, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. एका बाजूला चाक मागे गेलेलं दिसलं तर पुढचं बोलणं थांबवा.

ओम्नी घेताना आणखी एक गोष्ट विचारा: हिच्यातून काय नेत होते? मासळीची ओम्नी असेल तर तिने कितीही स्वच्छ रंग लावलेला असो, मागचं मॅट उचला. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं फ्लोअरच्या फटींतून खाली ठिबकतं ते नेमकं पाट्यांवर आणि ब्रेकच्या पाइपवर. मी पाहिलेल्या एका गाडीत मॅटखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत गेला, आणि खालून पाट्याचं टोक पेलणारा शॅकल ज्या जागी चॅसिसला धरतो तिथे नुसतं तपकिरी पीठ होतं. ॲक्सल धडधाकट, पण धरायला जागाच उरलेली नाही. अशी गाडी फुकटातही घेऊ नये.

आल्टो, जुनी वॅगन-आर

इथे फार लिहिण्यासारखं नाही, आणि हेच या गाड्यांचं कौतुक. ताकद पुढच्या चाकांना जाते, मागे साधा आडवा ॲक्सल, त्याला बॉडीशी जोडणारे दोन ट्रेलिंग आर्म, आडवं हलू नये म्हणून एक रॉड, वर कॉइल स्प्रिंग. ॲक्सल मोडायची वेळ क्वचित. सांध्यांतले रबरी बुश गेले की मागची बाजू वळणावर डुलते, खड्ड्यात खडखडते. बुश बदलायचं काम कुठलाही फिटर करतो. बघायचं ते ब्रॅकेटकडे: आर्म, शॉकॲब्सॉर्बर आणि आडवा रॉड जिथे वेल्ड करून जोडलेत ती जागा, आणि आर्मचं दुसरं टोक बॉडीला जिथे बसतं ती जागा. गंज तिथून सुरू होतो.

स्विफ्ट, आय-टेन आणि तशा

2005 च्या स्विफ्टपासून आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टॉर्शन बीम आला. दोन आर्म आणि त्यांना जोडणारा एक बीम, जो मुद्दाम पिळला जावा असाच बनवलेला असतो. एक चाक खड्ड्यात गेलं की बीम पिळतो आणि परत सरळ होतो. त्यासाठी त्याचा आकार बंद नळीसारखा न ठेवता बहुतेकदा एका अंगाला उघडा ठेवतात, इंग्रजी यू किंवा व्ही अक्षरासारखा. चालवायला उत्तम, जागा कमी खातो. पण त्या उघड्या घडीत चिखल, वाळू, मीठ साचतं, आणि आत हात घालून कोणी धूत नाही. विंडस्टारमध्येही गंजून तुटण्याचा धोका मागच्या अशाच बीमला होता.

गंजाने पत्रा पातळ होत असताना बीम रोज पिळला जातोच. तडा जातो तो बहुधा आर्म आणि बीमच्या वेल्डजवळ. फिरणारा भाग नसल्याने घरघर नाही, ऑइल नसल्याने गळती नाही. मागचा टायर आतून खाल्ला जातो, गाडी जरा ओढते, आणि मालक म्हणतो, अलाइनमेंट करून घेतो. करून घ्याच, पण चारही चाकांचं, आणि कागद हातात मागा. या गाड्यांत मागच्या चाकांना सहसा ॲडजस्टमेंट नसते. म्हणजे मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर बीम वाकलाय, चिरलाय किंवा बुश संपलेत. मशीनवाला ते ‘सेट’ करू शकत नाही. अशी गाडी सरळ रस्त्यावरही खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून दुसऱ्या गाडीने पाठलाग केलात तर डोळ्यांना दिसतं.

लिफ्टवर घ्या, टॉर्च लावा, बीमच्या घडीतला चिखल खरवडून काढायला सांगा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बीमवर टोकून एका टोकाकडून दुसऱ्याकडे जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. टोक दाबल्यावर पापुद्रा पडून खाली चकचकीत लोखंड दिसलं तर ठीक. खड्डा पडला तर नाही. आणि पंधरा वर्षांच्या गाडीखाली ताजा काळा रंग दिसला तर तो कशासाठी मारलाय हे विचारा. चांगल्या मनाने मारलेला असतो, कधीकधी.

खराब निघाला तर

समजा गाडी तुमचीच आहे आणि ॲक्सल संशयास्पद निघाला. पहिला सल्ला मिळतो तो वेल्डिंगचा. शॅकलच्या ब्रॅकेटला, बॉडीच्या पत्र्याला, चांगल्या हाताचं वेल्डिंग चालतं. टॉर्शन बीमच्या पिळणाऱ्या भागाला मात्र नको. उष्णतेने वेल्डच्या शेजारचं पोलाद बदलतं, वर लावलेली पट्टी त्या जागेला ताठ करते, आणि नवा तडा पट्टीच्या कडेलाच जातो. विंडस्टारला फोर्डने मजबुतीचे ब्रॅकेट बसवले हे खरं, पण ते न चिरलेल्या ॲक्सलला, आधी तपासून. चिरलेला निघाला तो बदलून दिला. हाफ शाफ्ट वेल्ड करून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

दुसरा मार्ग भंगारातून आणलेल्या जुन्या ॲक्सलचा. बेळगाव-कोल्हापूरकडच्या, घाटावरच्या गाडीचा मिळाला तर खाऱ्या हवेतला नसल्याने चांगला सौदा ठरू शकतो. ओम्नी-बोलेरोच्या बाबतीत मी हाच निवडेन, बेअरिंग आणि सील नवीन घालून. टॉर्शन बीम जुना घेताना तो अपघातातल्या गाडीचा आहे का कळायला मार्ग नसतो, वाकलेला असेल तर बसवून अलाइनमेंट केल्यावरच समजतं. ‘आकडे जुळले नाहीत तर परत घ्यायचा’ असं आधी बोलून ठेवा. बीमसाठी नवा भाग महाग वाटला तरी तोच घ्यावा, आणि त्याच वेळी बुश आणि ब्रेकचे पाइपही बदलावेत, कारण मजुरी पुन्हा तेवढीच पडणार. विम्याच्या भरवशावर राहू नका. झिजेचं आणि गंजाचं नुकसान विमा देत नाही.

तिसरा मार्ग गाडी सोडून देण्याचा, आणि इथे तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण. कारसाठी केंद्राने 2022 पासून हे शुल्क 5,000 रुपये केलं, आणि 2025 च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या गाडीला 10,000. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. तेव्हा चौदाव्या वर्षी बीम गेलेली, किनाऱ्यावरची स्विफ्ट असेल तर नवा बीम टाकून वर नूतनीकरणाचा खर्च करण्याआधी बॉडीचे जॉइंटही तपासून घ्या. तेही गंजले असतील तर तिच्यावर पैसे घालू नका. त्याच वयाची आल्टो, ब्रॅकेट शाबूत असतील, तर बुश बदलून खुशाल ठेवा. वाळपईची बोलेरो, पाटे आणि बेअरिंग नवीन घालून, आणखी एक नूतनीकरण सहज काढते. आणि समुद्राजवळ राहून जुनी गाडी नव्याने घेणारच असाल तर माझी पसंती आल्टोला, शक्यतो फोंडा-केप्याकडच्या मालकाकडून, आणि बघायला जायचं ते पाऊस संपल्यावर, मालकाने गाडी खालून धुवायच्या आधी.