३१ समान भाग की शुद्ध गुणोत्तरं?

सिंथवर (सिंथेसायझरवर) मायक्रोटोनल, म्हणजे नेहमीच्या बारा स्वरांपेक्षा बारीक अंतरांचं काम करायचं तर आधी स्वरांचं माप ठरवावं लागतं. सप्तकाचे ३१ समान भाग केले, तर एक पायरी सुमारे ३८.७ सेंटची होते (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग). गंधार ३८७ सेंटवर बसतो. शुद्ध गुणोत्तराचा, म्हणजे षड्जाशी कंपनसंख्येचं प्रमाण नेमकं ५:४ असलेला गंधार ३८६.३ वर. हा फरक कानाला कळतही नाही. पंचम मात्र ५ सेंट उतरतो. फायदा असा, की षड्ज कुठेही हलवा, सगळी अंतरं तशीच राहतात.

शुद्ध गुणोत्तरांत हीच सोय नाही. षड्ज हलवला की ८१:८० चा, म्हणजे २१.५ सेंटचा फरक डोकं वर काढतो.

पण विचित्र ताल हवे असतील तर माझं मत गुणोत्तरांनाच. एका ट्रॅकवर ४ आणि दुसऱ्यावर त्याच वेळात ५ ठोके लावा आणि वेग वाढवत न्या. सेकंदाला ४०० आणि ५०० ठोके झाले की तालाऐवजी षड्ज-गंधारच ऐकू येतो! ताल आणि सूर एकाच आकड्यातून निघतात. ३१ भागांत ही गंमत नाही.

शिवाय साध्या कीबोर्डवर ३१ स्वरांचं एक सप्तक अडीच सप्तकांहून जास्त जागा खातं. माउसनेच स्वर भरणाऱ्यांना अर्थात त्याचं काही नाही.