मसाला लावून गोठवलेल्या माशाचे पाकीट: चार रात्रींनंतरचे मत

कामावरून घरी पोहोचायला साडेसात वाजतात आणि नऊच्या आत पाने मांडली गेली नाहीत, तर घरातली धाकटी मंडळी बिस्किटांवरच भूक भागवून मोकळी होतात. अशा घरात ‘पाकीट फोडा, तव्यावर टाका, पंधरा मिनिटांत जेवायला बसा’ हे आश्वासन वाचून हात आपोआप पुढे जातो. मसाला लावून, निर्वात पाकिटात बंद करून गोठवलेल्या माशाची अशी चार पाकिटे मी आणली आणि पंधरा दिवसांत, कामाच्याच दिवशी, चार निरनिराळ्या रात्री ती शिजवली. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला जे दोष दिसले ते या एका पाकिटापेक्षा या प्रकारच्या मालाचेच अधिक आहेत, असे माझे मत झाले आहे.

आधी चांगले सांगतो. ४०० ग्रॅमच्या पाकिटात चार तुकड्या असतात, चारही जवळजवळ सारख्या जाडीच्या, सुमारे अडीच सेंटीमीटरच्या, आणि प्रत्येक तुकडी आपापल्या कप्प्यात वेगळी बंद केलेली असते. घाईच्या स्वयंपाकात सारख्या जाडीचे महत्त्व फार मोठे आहे. एक तुकडी शेपटीकडची पातळ आणि दुसरी मधल्या भागाची जाड असेल, तर पातळ तुकडी कोरडी पडेपर्यंत जाड तुकडी आतून कच्चीच राहते आणि तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाची नुसती तारांबळ उडते. खवले नीट काढलेले होते, कातडी शाबूत होती आणि चार पाकिटांत मिळून एकच काटा सापडला. साफसफाईचा हा भाग ज्याने केला, त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

मसाल्यापासून मात्र तक्रार सुरू होते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. तीत माशानंतर पाणी, मग साखर, मग स्टार्च, आणि मीठ, व्हिनेगर व लसूण त्यानंतर. पहिल्या रात्री पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे मासा मसाल्यासकट तापलेल्या तव्यावर टाकला. पहिला अर्धा मिनिट चुरचुर आवाज आला, मग तव्यावर पांढुरके पाणी साचले आणि मासा भाजला जाण्याऐवजी त्या पाण्यात उकडू लागला. हे होणारच होते, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तांबूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. आच वाढवली तेव्हा पाणी आटले खरे, पण पाठोपाठ साखर करपली, लसणाचे कण काळे पडून कडू झाले आणि स्टार्चचा चिकट थर तव्याला असा धरून बसला की उलथने घातल्यावर कातडी तव्यावर आणि मासा उलथन्यावर, अशी वाटणी झाली. जेवण झाले, पण तवा रात्रभर भिजत घालावा लागला. तो घासण्याचा वेळ पाकिटावरच्या त्या पंधरा मिनिटांत धरलेला नव्हता.

दुसऱ्या रात्री शहाणपण करून तुकड्यांवरचा मसाला टिश्यू पेपरने पूर्ण टिपून काढला, तुकड्या कोरड्या केल्या आणि मगच तेल लावून तव्यावर ठेवल्या. रंग सुरेख आला, कातडी कुरकुरीत झाली. मात्र ज्या मसाल्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तोच पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, तर हे पाकीट घेण्यात अर्थ काय, असा प्रश्न घरातून विचारला गेला आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

वरवर उत्तम दिसलेल्या त्या तुकडीतही एक उणीव जाणवली. मधला भाग रसाळ होता, पण बाहेरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर खडूसारखा भुसभुशीत लागत होता. याचे कारण आंबट. माशाच्या स्नायूंचे तंतू आखूड असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे ऊतक नाजूक, त्यामुळे लिंबू किंवा व्हिनेगर लागताच प्रथिनांची घडण बदलते आणि मांस न शिजवताच पांढरे व घट्ट होऊ लागते. घरी मासा आंबटात पंधरा ते तीस मिनिटे ठेवला तरी पुरतो. इथे मात्र गोठण्यापूर्वीचा वेळ आणि पुन्हा फ्रीजमध्ये रात्रभर बर्फ वितळून सुटा होण्याचा वेळ, असा सगळा काळ तो व्हिनेगरच्या संगतीत काढतो. अधिक वेळ मुरल्याने चव खोलवर जाते ही समजूतही मिठापुरतीच खरी आहे. लसूण, मिरी वगैरेंचा स्वाद मुख्यतः वरच्या थरातच राहतो. म्हणजे लांबलेल्या मुरण्याचा लाभ थोडा आणि तोटा मात्र प्रत्येक घासाला जाणवणारा.

तिसऱ्या रात्री मी त्याच कंपनीच्या बिनमसाल्याच्या तुकड्या आणून त्यांना माझ्याच हाताने मसाला लावला, पाकिटातल्या मसाल्याच्या तुकड्यांच्या शेजारी त्या शिजवल्या आणि घड्याळ लावले. पाऊण चमचा मीठ, ठेचलेल्या चार पाकळ्या लसूण, भरडलेली मिरी, किसलेली लिंबाची साल आणि दोन मोठे चमचे तेल, एवढे एकत्र करून चार तुकड्यांना चोळायला, लसूण सोलण्यासकट, चार मिनिटे लागली. तवा तापेपर्यंत आणि कोशिंबीर चिरून होईपर्यंत तुकड्या तशाच राहू दिल्या. लिंबाचा रस मात्र ताटात वाढतानाच पिळला. तुकडी कातडीच्या बाजूने तव्यावर ठेवून पहिला अर्धा मिनिट उलथन्याने हलकेच दाबली, म्हणजे कातडी आक्रसून तुकडी वाकत नाही. मग ती स्वतःहून तवा सोडेपर्यंत हलवली नाही. कडेने पाहिले की पारदर्शक मांस खालून वर पांढरे होत जाताना दिसते. ती रेघ तीन चतुर्थांश उंचीवर आली की उलटायचे आणि दीड-दोन मिनिटांत उतरवायचे. आतले तापमान ६३ अंश भरले. मसाला लावण्याची जी चार मिनिटे हे पाकीट वाचवते, ती इतकी स्वस्त आहेत, हे मला या रात्रीपर्यंत नीटसे कळले नव्हते.

चौथ्या रात्री मसाल्याचे शेवटचे पाकीट ओव्हनमध्ये घातले. बेकिंग पेपरवर कांद्याच्या चकत्या, त्यावर तुकड्या, २०० अंशांवर बारा मिनिटे. इथे साखरेचा तापल्या लोखंडाशी थेट संबंध येत नसल्याने काही करपले नाही, सुटलेले पाणी कांद्याने शोषले आणि वरचा मसाला चकचकीत दिसू लागला. भुसभुशीतपणा होताच, पण सौम्य. ज्यांच्याकडे ओव्हन आहे आणि ज्यांना चिरणे-ठेचणे खरोखरच नकोसे वाटते, त्यांनी हे पाकीट घ्यायला हरकत नाही. तव्यावर शिजवणाऱ्यांनी घेऊ नये.

एका गोष्टीबद्दल मात्र कंपनीला सवलत देता येत नाही. पाकिटावर ‘बंद पाकिटासह कोमट पाण्यात ठेवून सुटे करावे’ असे छापले आहे. निर्वात पाकिटात प्राणवायू नसतो आणि बोटुलिझमला, म्हणजे अन्नातून होणाऱ्या एका गंभीर विषबाधेला, कारणीभूत असणाऱ्या जिवाणूंपैकी माशाशी निगडित असलेला ‘ई’ प्रकार प्राणवायूशिवाय, इतर जिवाणू मंदावतात अशा थंडाव्यातही वाढू शकतो, तोही वास न बदलता. म्हणून गोठलेला मासा सुटा करण्यापूर्वी निर्वात पाकिटातून बाहेर काढावा, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा; फारच घाई असेल तर साध्या पिशवीत घालून थंड पाण्यात धरावा आणि सुटा होताच शिजवावा. कोमट पाण्याने बाहेरचा थर नको तितका वेळ उबदार राहतो, आतला दगडासारखाच असतो.

माझ्या फ्रीझरमध्ये सध्या बिनमसाल्याची दोन पाकिटे आहेत. सकाळी डबे भरताना त्यांतल्या तुकड्या काढून खालच्या कप्प्यात ठेवतो, रात्री पावणेआठला तवा चढवतो आणि सव्वाआठला पाने मांडलेली असतात. मसाल्याच्या पाकिटाला पाचांपैकी दोन गुण, तेही तुकड्या कापणाऱ्याचे. बिनमसाल्याच्या पाकिटाला चार, आणि पाचवा गुण ती कोमट पाण्याची सूचना बदलून छापल्यावर.