३५० स्मॉल ब्लॉकवर कोणता कार्ब्युरेटर बसवावा: क्वाड्राजेट, एडलब्रॉक की हॉली?

शेव्हरलेटचं ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक इंजिन १९६७च्या कॅमारोत पहिल्यांदा आलं. आजही अमेरिकेत जुनी शेव्ही घेतली, की बॉनेटखाली फार वेळा हेच निघतं. आणि गाडी घरी आली, की कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा, विषय निघतोच. मूळचा गळत असतो, नाहीतर आधीच्या मालकाने हौसेने भलताच मोठा चढवलेला असतो. निवड मुख्यतः तिघांत होते: जनरल मोटर्सचा स्वतःचा रोचेस्टर क्वाड्राजेट, एडलब्रॉक आणि हॉली. तिन्ही उत्तम आहेत. तुमचा गिअरबॉक्स कोणता, मॅनिफोल्ड (कार्ब ज्यावर बसतो आणि जिथून मिश्रण सिलिंडरांत जातं तो भाग) कोणता आणि गाडी तुम्ही चालवणार कशी, यावर निर्णय ठरतो. इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर तो फारसा ठरत नाही.

आधी आकार, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत आपल्या क्षमतेच्या निम्मी हवा ओढतं आणि एका घनफुटात १७२८ घन इंच असतात. म्हणून घन इंचांना आरपीएमने गुणायचं आणि ३४५६ने भागायचं. ३५० इंजिन, ५५०० आरपीएम: उत्तर येतं ५५७ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५५७ घनफूट. हे झालं सिलिंडर पूर्ण भरले तर. रस्त्यावरच्या साध्या इंजिनात ते ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे गरज उरते साधारण ४७५ची. ६००चा कार्ब इथे पुरून उरतो. लोक मात्र ७५०चा, कधी ८५०चाही घेऊन येतात. मग व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बच्या अरुंद गळ्यातून, हवा इतकी संथ जाते, की तिथल्या बूस्टर नळीला पेट्रोल नीट ओढता येत नाही. सिग्नलवरून निघताना गाडी गुदमरते, झटके खाते आणि प्लग काळे पडतात.

यावर हमखास १९६९च्या कॅमारो झेड-२८चा दाखला दिला जातो: तिच्या ३०२ इंजिनावर कंपनीनेच ७८०चा हॉली बसवला होता. खरं आहे. पण ते इंजिन ७००० आरपीएमच्या घरात फिरायला बनवलेलं, गाडी फक्त चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळायची, मागच्या अॅक्सलचा रेशो ३.७३ आणि कार्बची सेकंडरी, म्हणजे जास्त जोर लागल्यावरच कामाला येणारी मागच्या नळ्यांची जोडी, व्हॅक्यूमवर उघडणारी. तुमच्याकडे ऑटोमॅटिक आणि ३.०८चा मागचा अॅक्सल असेल, तर हा दाखला तुमच्या कामाचा नाही.

आता क्वाड्राजेट. माझा जीव याच्यावर आहे, हे आधीच सांगतो. १९६५ पासून पुढे पंचवीस वर्षं हा कार्ब जीएमच्या गाड्यांवर होता. तो बहुतेक वेळा ७५० सीएफएमचाच असतो, मग वरचं गणित त्याला का लागू पडत नाही? कारण त्याच्या पुढच्या दोन नळ्या अगदी बारीक आहेत, १ ३/८ इंचाच्या, आणि मागच्या दोन चांगल्या २ १/४ इंचाच्या. रोजच्या चालवण्यात पुढच्या दोनच काम करतात. हवेचा वेग टिकतो, पेट्रोल बारीक फुटतं, अॅव्हरेज चांगलं मिळतं. पूर्ण रेस दिली, की मागच्या नळ्यांवरची एअर व्हॉल्व्हची पाती इंजिन मागेल तेवढीच उघडतात. तो खर्जातला घुमणारा आवाज एकदा ऐकला, की विसरत नाही.

त्याची बदनामी मात्र भरपूर झाली आहे. त्यातली बरीच दोन दुरुस्त होणाऱ्या दोषांमुळे. एक, फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाचे प्लग झिरपतात. गाडी चार दिवस उभी राहिली, की बाऊल रिकामा आणि स्टार्टर फिरवत बसावं लागतं. जाणकार माणूस हे प्लग इपॉक्सीने कायमचे बंद करतो. दुसरा, थ्रॉटल शाफ्टची भोकं झिजून तिथून हवा आत येते आणि आयडलिंग काही केल्या बसत नाही. तिथे बुश घालावे लागतात. ही दोन कामं न करता नुसता गास्केट किट घातलेला क्वाड्राजेट घेऊ नका. आणखी एक गोष्ट बघा: बॉडीच्या डाव्या बाजूला उभा कोरलेला नंबर. १९७५पर्यंतच्या कार्बवर तो ७० ने सुरू होतो. तो तुमच्या गाडीच्या वर्षाशी आणि इंजिनाशी जुळत असेल, तर कार्ब दुरुस्तच करा. मूळच्या भागांसकट असलेल्या गाडीची किंमत वेगळी असते.

मूळचा कार्ब गेलेलाच असेल आणि गाडी रविवारी काढून फिरायची असेल, तर एडलब्रॉक घ्या. त्याचा परफॉर्मर म्हणजे १९५७च्या कार्टर कंपनीच्या एएफबी कार्बचाच वारस. १४०६ हा नंबर ६०० सीएफएमचा, इलेक्ट्रिक चोकवाला. याचं ट्यूनिंग शिकायला सगळ्यात सोपं. वर दोन छोटी झाकणं असतात, प्रत्येकी एका स्क्रूची. झाकण सरकवलं, की आतला पिस्टन स्प्रिंगसकट वर येतो, त्याला लटकलेला मीटरिंग रॉड, म्हणजे किती पेट्रोल जावं हे ठरवणारी काडी, काढायचा आणि दुसरा सोडायचा. कार्ब जागचा हलत नाही, पेट्रोलचा थेंब सांडत नाही. पेट्रोलच्या पातळीखाली एकही गास्केट नसल्याने गळतीही क्वचितच होते. थोडे पैसे जास्त टाकता आले, तर त्यांचा ६५० सीएफएमचा एव्हीएस-२ अधिक चांगला. त्याच्या सेकंडरीचा एअर व्हॉल्व्ह स्क्रूने कमी-जास्त करता येतो.

एडलब्रॉकची नाजूक बाजू म्हणजे पेट्रोलचं प्रेशर. साडेपाच पीएसआयला तो खूश असतो; साडेसहाच्या वर गेलं, की आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई ढकलली जाते आणि ओव्हरफ्लो होतो. दुसरं उष्णतेचं: हल्लीच्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे टेक्सास-अॅरिझोनाच्या उन्हाळ्यात गरम इंजिन बंद केलं, की बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं. खाली उष्णतारोधक स्पेसर घातला की बराच फरक पडतो. घालण्याआधी बॉनेट बंद होतंय ना, ते मोजून घ्या.

हॉली हा हात काळे करायची आवड असणाऱ्याचा कार्ब. जेट, पंप कॅम, पॉवर व्हॉल्व्ह, सेकंडरीच्या स्प्रिंगा, सगळं बदलता येतं आणि सुटे भाग कुठेही मिळतात. पण जेट बदलायला बाऊल उतरवावा लागतो, पेट्रोल सांडतं, आणि गास्केट पातळीखाली असल्याने कधी ना कधी पाझरतं. पॉवर व्हॉल्व्हकडे, म्हणजे इंजिनावर जोर आला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेकडे, फार कमी लोक लक्ष देतात. त्यावर ६५ लिहिलेलं असेल, तर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम (तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात) साडेसहा इंचांखाली गेल्यावर तो उघडतो. तुमच्या इंजिनात जहाल कॅम असेल आणि गिअर टाकून आयडलिंगला व्हॅक्यूम सहाच इंच मिळत असेल, तर तो कायम उघडाच राहील आणि पेट्रोलचा वास डोळ्यांत झोंबेल. ऑटोमॅटिकमध्ये गिअर टाकून मिळणारा व्हॅक्यूम मोजा आणि त्याच्या निम्म्याचा व्हॉल्व्ह घाला.

हॉलीतच दोन वाटा आहेत. १८५० हा ६००चा, व्हॅक्यूम सेकंडरीवाला. ऑटोमॅटिकला आणि शेव्हेलसारख्या जड गाडीला हाच. ४७७७ हा ६५०चा डबल पंपर, त्याच्या सेकंडरी थेट पॅडलला जोडलेल्या. मॅन्युअल गिअर, हलकी गाडी आणि ३.७३ किंवा त्याहून वरचा रेशो असेल, तर याच्यासारखा पिकअप दुसऱ्या कुणाचा नाही. ऑटोमॅटिकवर मात्र पॅडल दाबताच हवेचा लोंढा आत घुसतो आणि इंजिन क्षणभर दम सोडतं.

पैसे देण्याआधी मॅनिफोल्डचं तोंड बघा. क्वाड्राजेटला लहान-मोठ्या भोकांचं स्प्रेड-बोअर लागतं, बाकी दोघांना चौरस. अडॅप्टर मिळतात, पण त्यांनी उंची वाढते आणि हवेची वाट वाकडी होते. जमल्यास मॅनिफोल्डच जुळणारं घ्या. आणि गाडीत नंतर कुणी जीएमचा ७००-आर-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलेला असेल, तर सगळ्यात जपायची ती टीव्ही केबल. ती थ्रॉटलला जोडलेली असते आणि गिअरबॉक्समधलं तेलाचं प्रेशर तीच ठरवते. कार्ब बदलला आणि केबलचा कोन चुकला, तर क्लच प्लेटा थोड्याच दिवसांत जळतात. त्या कार्बसाठी बनवलेला ब्रॅकेट त्याच ऑर्डरमध्ये मागवा आणि पॅडल पूर्ण दाबल्यावर केबल शेवटपर्यंत ताणली जाते की नाही, हे इंजिन सुरू करण्याआधी तपासा.