जुनं लाइट पॅनल दुरुस्त करायचं, की लॅपटॉपवर जायचं?

सांगलीत नाटक बसवणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न हल्ली सारखा येतो. माझं म्हणणं: आधी पॅनलला, म्हणजे रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करणाऱ्या पेटीला, नेमकं काय झालंय ते बघा, मग पैशाचं बोला.

बऱ्याचदा दोष पॅनलचा नसतोच. डीएमएक्सच्या (पॅनलचा हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या सिग्नलच्या) केबलच्या जागी माइकची केबल ओढलेली असते, शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा परतू न देणारा रेझिस्टर) नसतो आणि दिवे फडफडतात. हे तपासल्याशिवाय स्क्रू खोलू नका.

खरा बिघाड असला तर तो बहुतेक वेळा फेडरचा, म्हणजे उजेड वर-खाली करायच्या सरकत्या दांडीचा. हळूहळू उजळायचा स्पॉट मध्येच भस्सकन पेटतो, किंवा फेडर शून्यावर आणला तरी मिणमिणत राहतो. आतल्या पट्टीवर धूळ आणि स्मोक मशीनचा चिकटा बसलेला असतो. पॅनलचा प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसा, मग फेडरसाठी मिळणारा क्लीनर मारा. डब्ल्यूडी-४० नको; चार दिवस फेडर लोण्यासारखा सरकतो, मग त्याच तेलावर धूळ धरते. नंतर मल्टिमीटर लावून फेडर सावकाश वर न्या. आकडा सलग चढला तर काम झालं. मध्येच उडी मारली तर तिथे पट्टी झिजली आहे, फेडर बदला. नवा मागवताना जुन्यावरचा आकडा, लांबी आणि पायांमधलं अंतर जुळवून घ्या.

एका जत्रेत जनरेटरचा न्यूट्रल सुटला. त्यानंतर आमच्या पॅनलवर सगळं चालू दिसत होतं, दिवे मात्र ढिम्म. घरी आणून उघडलं तर सिग्नल बाहेर पाठवणारी आठ पायांची ७५१७६ आयसी (चिप) गेलेली. ती सॉकेटवर बसवलेली होती, त्यामुळे सोल्डरिंग न करता बदलली. असा बिघाड असेल तर नवीन काही घेऊ नका.

मेमरी पुसली जात असेल तर बॅटरी बघा. जुन्या पॅनलमधली बॅटरी गळून बोर्डावर हिरवट थर चढतो. थोडा असेल तर पॅनल वाचतं, बोर्डावरचे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) खाल्ले असतील तर अवघड. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेलं पॅनल असेल, तर माझ्या मते त्यावर खर्च नको. कनेक्टरखाली राहिलेला गाळ काही महिन्यांनी गंज दाखवतो, आणि तो नेमका प्रयोगात दाखवतो.

आता लॅपटॉप. क्यूएलसी प्लस हे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण डोंगल (लॅपटॉपचा यूएसबी आणि दिव्यांची केबल जोडणारी डबी) निवडताना जपा. स्वस्त डोंगलमध्ये सिग्नलची वेळ लॅपटॉपच सांभाळतो. तो दुसऱ्या कामात गुंतला की दिवे लुकलुकतात. स्वतःचा प्रोसेसर आणि आयसोलेशन (दिव्यांकडचा उलटा करंट लॅपटॉपपर्यंत न येऊ देणारी सोय) असलेलंच घ्या. स्लीप आणि अपडेट दोन्ही बंद ठेवा. तुमचे डिमर (दिव्यांना कमी-जास्त वीज देणारे डबे) जुने, ०-१० व्होल्टवाले असतील तर मध्ये डीएमएक्सचं ०-१० व्होल्ट करणारा कन्व्हर्टरही लागेल. हा खर्च बहुतेक जण विसरतात.

एलईडी पार (रंग बदलणारे एलईडी दिवे) जास्त असतील तर लॅपटॉपला तोड नाही. प्रत्येकी सात चॅनलचे (रंग, उजेड वगैरेचे वेगवेगळे कंट्रोल) २४ पार म्हणजे १६८ चॅनल, ते २४ फेडरवर कसे खेळवणार? एकांकिका स्पर्धेत लाइट लावायला वेळ कमी मिळतो, तिथेही सगळे क्यू (कोणत्या क्षणी कोणते दिवे) घरून तयार करून नेता येतात.

पण संगीत नाटक किंवा संथ लयीचं गंभीर नाटक करत असाल तर मी पॅनलच दुरुस्त करायला सांगेन. नटाने आज एका वाक्यानंतर थोडं जास्त थांबायचं ठरवलं, गायकाने एक आवर्तन वाढवलं, तर फेडरवरचा हात त्याच्याबरोबर थांबतो. माउसने ते जमत नाही. लॅपटॉप घेतलाच असेल तर त्याला मिडी कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा फेडरवाला छोटा बोर्ड) जोडा, म्हणजे निदान सायक (मागच्या पडद्यावरचा उजेड) आणि मुख्य स्पॉट हातात राहतील.

बजेट एकाच गोष्टीचं असेल तर दुरुस्ती आधी करा. लॅपटॉप पुढच्या वर्षी घेतला, तरी तो ऐन प्रयोगात अडला तर हेच पॅनल शेजारी तयार असेल.