ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

जळगावला राहतो, धुळ्याला सारखं येणंजाणं असतं, गाडी पेट्रोल बीएस-४. उन्हाळा लागायच्या आधी ईएलएम३२७ चिपचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, ऑनलाइन मागवला होता, हजाराच्या आतला. स्टिअरिंगखाली सोळा पिनचा सॉकेट असतो त्यात लावायचा आणि मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं, बास. आता दिवाळी झाली, घ्यावा का म्हणून बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारोळ्याच्या अलीकडे एसी फुल चालू असताना बॅटरी, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आणि स्टिअरिंग असे तिन्ही दिवे एकदम लागले. गॅरेजवाला म्हणे एबीएस मॉड्यूल, म्हणजे त्याचा कंट्रोलचा डबा, गेलं, खर्च मोठा आहे. स्कॅनरवर कोड आला पी०५६२, म्हणजे सिस्टिमला व्होल्टेज कमी मिळतंय. आता तीन वेगवेगळे पार्ट एकाच मिनिटाला कसे जातील हो? असे बरेच दिवे एकदम लागले की आधी करंटच बघायचा, मॉड्यूल नंतर.

मग व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर काढला. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर १२.६, म्हणजे अल्टरनेटर करंट बनवतोय पण तो मधेच कुठेतरी अडतोय. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली, हेडलाइट आणि एसी चालू ठेवला, तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला पाहिजे ते दीडच्या वर. इंजिनची अर्थिंगची पट्टी बोल्टापाशी हिरवी पडून सडली होती. पट्टी बदलली, जागा घासून साफ केली, बॅटरीवर १४ आले आणि तिन्ही दिवे गेले, ते आजपर्यंत परत लागले नाहीत. मॉड्यूलला हातही लावावा लागला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, नुसता स्कॅनर घेऊ नका, सोबत मीटर घ्याच. कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही सांगत. मामांची गाडी शेतातल्या शेडमधे कापसाशेजारी उभी असते, तिच्यात पी०१३५ आला, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. सेन्सर महाग, पण खाली वाकून पाहिलं तर वायर उंदराने कुरतडलेली. जोडून टेप मारली, कोड क्लिअर केला, काम झालं. आणि पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिस मारतोय, तेव्हा दोन आणि तीनची कॉइल (प्लगला स्पार्कचा करंट देणारी) अदलाबदल करा, कोड पी०३०३ झाला तर कॉइलच खराब, नाही झाला तर प्लग आणि इंजेक्टर बघा. ही ट्रिक मला फार आवडते कारण एक रुपया खर्च नाही.

कोड क्लिअर करायच्या आधी स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा, फ्रीझ फ्रेमसकट, कारण कोड आला तेव्हा स्पीड किती, इंजिन किती गरम हे सगळं त्यात असतं आणि क्लिअर केलं की तेही पुसलं जातं.

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ दिसली तर ती अर्धीच चार्ज आहे. आपल्याकडे ४५ च्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते, त्यामुळे मार्चमधेच चेक करून घ्या. गरजेप्रमाणे चार्जिंग कमीजास्त करणाऱ्या नव्या स्मार्ट अल्टरनेटरच्या गाड्यांत मात्र चालू इंजिनवरही व्होल्टेज खालीवर होतं, त्याला घाबरू नका.

कमतरता पण सांगतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या अ‍ॅपमधे येत नाहीत, त्याला कंपनीचा नाहीतर महाग स्कॅनर लागतो, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला घरी हात लावूच नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधत बसू नका, बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. स्कॅनर सॉकेटमधे कायमचा लावून ठेवू नका, थोडा थोडा करंट खात राहतो आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ घेत नाही. आयफोनवाल्यांनी बीएलई (कमी करंट खाणारा ब्लूटूथचा प्रकार) किंवा वायफायचा घ्या, साधा ब्लूटूथवाला त्याला जोडला जात नाही. आणि शक्यतो १.५ व्हर्जन बघा, २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकलींमधे काही कमांड चालतच नाहीत.